वहिनी, खदान आणि गिअरची सायकल

ग्वाल्हेरला माउंटन बाइक चालवायची तर लांब डोंगरात जायची गरज नाही. बंद पडलेल्या दगडाच्या खदानी आहेत, आणि इथला दगड सायकलला मानवतो. हा वालुकाश्म. किल्ला याच दगडाच्या टेकडीवर उभा आहे, खालच्या जैन मूर्ती यातच कोरल्या आहेत, आणि शहरातल्या लष्कर भागातल्या कितीतरी जुन्या घरांच्या छतांना याच्याच पटिया, म्हणजे लांब फर्श्या, आहेत. कोरडा असला की टायर त्याला चिकटून चालतो. त्रास देतो तो वर पसरलेला चुरा आणि थरांच्या सुटलेल्या कडा.

मी बरीच वर्षं तिथे एकटा किंवा मित्रांबरोबर जातो. दिवाळीनंतर आमच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मलाही न्या ना एकदा." वहिनी शाळेत गणित शिकवतात, चाळिशी कधीच ओलांडली आहे. लहानपणी कंपूहून जनकगंजला लेडीज सायकलवर शाळेत जायच्या, पुढे स्कूटी आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. आईने "घ्या दोघं हातपाय मोडून" असा आशीर्वाद दिला. दादाने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "विमा चालू आहे ना?"

नवशिक्याला बरोबर नेण्याचं बरंचसं काम आदल्या आठवड्यात, सायकलवर न बसता करावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. जागेपासूनच सुरुवात.

चालू खदान बादच. तिथे सुरुंग असतात, डंपर असतात, आणि दगडाची धूळ असते. वालुकाश्माच्या धुळीत सिलिका असते. खदानीतल्या मजुरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो तो तिच्यामुळेच. आपण हौसेला जाऊन ती धूळ खाण्यात अर्थ नाही. घाटीगावकडे १९८१ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, तेव्हा त्या बाजूच्या जुन्या खदानींत सायकल घालायची नाही. उरतात त्या काम थांबलेल्या, कडेला वस्ती असलेल्या. तिघरा धरणाच्या रस्त्यापासून आत अशी एक आहे. तिथल्या राखणदार काकांना मी आधी जाऊन भेटतो, कोण येणार, किती वाजता, ते सांगतो. परवानगी तर मिळतेच, शिवाय खरी माहिती मिळते: कुठली कड पावसात खचली, कुठे नव्याने मलबा टाकलाय, पाणी किती उतरलंय.

पाण्याबद्दल आधीच सांगतो. सोडून दिलेल्या खदानीत खड्डे भरून हिरवं, निवांत पाणी साचतं. त्याच्या कडा सरळ खाली गेलेल्या असतात, पाण्याखाली तोडलेल्या दगडांची टोकं असतात, आणि आत गेलेल्या माणसाला वर यायला उतार सापडत नाही. मी नवशिक्याला त्या बाजूच्या वाटेवर नेतच नाही. वरच्या कडेचंही तसंच. हा दगड थराथरांचा आहे, म्हणून तर छिन्नी आणि पाचरी मारून त्याच्या फर्श्या निघतात. पण त्याच थरांतून पाणी शिरतं. तिघऱ्याचं धरण १९१७ मध्ये फुटलं ते पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरूनच. तेव्हा वरून भक्कम दिसणाऱ्या कडेखाली थर सुटलेला असू शकतो. फोटोसाठीसुद्धा कडेशी जायचं नाही, हे वहिनींना घरीच सांगून टाकलं.

मग सायकल. माझी सायकल वहिनींना मोठी. मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी पाय टाकून उभं राहिलं की जमिनीवर टाचा टेकून चार बोटं जागा उरली पाहिजे, तशी उरत नव्हती. गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाकडे छोट्या फ्रेमची होती, साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. एवढं पुष्कळ झालं. नवशिक्यासाठी कुणी लाखाची सायकल सुचवू लागला तर त्याला आधी चहा पाजावा आणि विषय बदलावा.

त्या सायकलीचं स्टँड काढलं, कारण दगडावर आपटून ते खाली येतं आणि वळणात अडकतं. हँडलच्या टोकांना बुचं नव्हती, ती बसवली; उघडी नळी पडताना पोटात घुसते. सस्पेन्शनच्या वर लॉकचा खटका असतो, तो मुलाने बंद करून ठेवला होता, म्हणजे असून नसल्यासारखं. तो उघडला. सीट रस्त्यावर असते त्यापेक्षा चांगली वीतभर खाली घेतली. यावर वहिनींची तक्रार, की गुडघे दुखतील. चढाला दुखतात, खरं आहे. पण उतारावर सीट मधे आली नाही की माणूस अंग मागे नेऊ शकतो, आणि सुरुवातीला तेच महत्त्वाचं.

हवेचं प्रकरण वेगळंच. पंक्चरवाले भैया अंगठा दाबून बघतात आणि टायर दगडासारखा करून देतात. असा टायर दगडावर उड्या मारतो, पकड उरत नाही. फार कमी ठेवली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. २.१ इंची टायर, आत ट्यूब, आणि मध्यम वजनाचा माणूस असेल तर मी पुढे २८ आणि मागे ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास ठेवतो. वहिनींचं वजन इथे लिहिलं तर मला जेवण मिळणार नाही. हवा मोजायचं मीटर स्वतःचं ठेवावं, स्वस्त मिळतं.

पहिले काही दिवस खदानीचं नावही काढलं नाही. मेळा मैदान गाठलं. हिवाळ्यातला मेळा बसायच्या आधी तिथे मोकळी जागा भरपूर असते. तिथे मी एकच गोष्ट धरून बसलो, ब्रेक.

आपल्याकडे प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. वहिनींच्या बोटांत ते इतकं मुरलेलं, की उजवा हात पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला लागेचना. समजावून काही होत नाही. मी जमिनीवर विटेचा तुकडा ठेवला. त्याच्याशी आलं की फक्त मागचा ब्रेक लावून थांबा, मग तेवढ्याच वेगाने येऊन फक्त पुढचा, हळूहळू आवळत, ढुंगण सीटच्या मागे नेऊन. अंतर पावलांनी मोजायचं. गणिताच्या बाई. त्यांनी पर्समधून खडू काढला आणि खुणा करत गेल्या. मागच्या ब्रेकला लागलेलं अंतर पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट भरलं. "म्हणजे वजन पुढे येतं, म्हणून पुढचं चाक जास्त दाबलं जातं," असं त्यांनीच मला सांगितलं, आणि तेव्हापासून उजव्या हाताचं एक बोट लिव्हरवर कायम बसलं. एकच बोट. बाकीची तीन हँडल धरायला हवीत.

बाकी उभं राहणं: पेडल दोन्ही एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर, गुडघे सैल. आणि नजर. चाकापुढच्या दगडाकडे बघत राहिलं की चाक त्याच दगडावर जातं. जिथे जायचंय तिथे बघावं. हे सांगायला सोपं आहे, आणि माझ्या अनुभवात माणूस सगळ्यात उशिरा शिकतो ते हेच. हळू चालवायची शर्यतही लावली, पाय न टेकता जो शेवटी पोचेल तो जिंकला. त्यात वहिनी मला हरवू लागल्या तेव्हा मी म्हटलं, रविवारी चला.

नोव्हेंबरात ऊन बरं असतं, धुकं अजून दाट होत नाही. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्यांना पॅड, ओढणीला सुट्टी. पाठीवर पाणी, जादा ट्यूब, पंप, ॲलन की, पट्ट्या, आणि खिशात मुरैनाची गजक, म्हणजे तिळाची कुरकुरीत मिठाई. केळं सॅकमध्ये चेंगरतं, गजकेला काही होत नाही.

पोचल्यावर सायकली आडव्या ठेवून आधी चालत फिरलो. ही सवय फार उपयोगाची आहे. जिथे पुढे सायकल जाणार ती जमीन पायाने बघितली की भीती नेमकी होते. वहिनी तोडलेल्या भिंतीवरची उभी अर्धगोल भोकं बोटांनी चाचपत होत्या. ओळीने भोकं पाडून त्यांत पाचरी ठोकतात तेव्हा दगड त्या रेषेत फाटतो आणि अर्धं भोक भिंतीवर राहतं. खालच्या एका फर्शीवर पाण्याच्या लाटांच्या खुणा होत्या, कधीकाळी इथे उथळ पाणी असल्याच्या. त्यांनी त्यावर बूट घासून बघितला. "हा तर खरखरीत आहे." मग शेजारच्या चुरा पडलेल्या जागी घासला, पाय सटकला. "आणि हा नाही." अर्धा धडा तिथेच झाला.

पहिला उतार म्हणून ट्रक ये-जा करायचे तो रुंद रस्ता निवडला. चढ हातात सायकल धरून, उतार बसून. मग उभं राहून. मग मधल्या दगडांच्या डावीकडून, मग उजवीकडून. एकच उतार, पुन्हा पुन्हा. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण शिकणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

खरा पेच एका पायरीशी आला. फर्शी काढल्यावर जमिनीत उरलेली, जेमतेम वीतभर उंचीची, खाली सपाट आणि मोकळी. वहिनी तीनदा तिथपर्यंत येऊन थांबल्या. आमच्याबरोबर आलेला माझा एक मित्र तेवढ्यात म्हणाला, "अहो काही होत नाही, घाला बिनधास्त!" हे वाक्य मला सहन होत नाही. काही होतं की नाही हे पडणारा ठरवतो, बाजूला उभा राहणारा नाही. मित्राला पाणी आणायला गाडीकडे पाठवलं.

वहिनींना म्हटलं, बसू नका. सायकलच्या बाजूने चाला, आणि तिला हाताने त्या पायरीवरून उतरवा. पुढचं चाक खाली गेलं, सस्पेन्शन दबलं आणि वर आलं, मागचं चाक टपकन उतरलं. पेडल दगडाला लागलं नाही. "एवढंच?" एवढंच. पुन्हा एकदा हाताने. मग मी खाली, वाटेच्या बाजूला उभा राहिलो, समोर नाही. समोर उभं राहिलं की त्या आपल्याकडेच बघतात आणि आपल्यावरच येतात. त्या वरून आल्या, कोपर बाहेर, तोंडाने पुटपुटत, आणि उतरल्या. थांबल्यावर म्हणाल्या, "मी पाढे म्हणत होते." कितीचे ते विचारायचं राहिलं.

त्याहून उंच दुसरी पायरी होती. तिच्याकडे त्यांनी बघितलं, हाताने सायकल उतरवून पाहिली, आणि "नको" म्हणाल्या. मी "बरं" म्हटलं. त्यावर चर्चा नाही.

पडल्या त्या अगदी सोप्या जागी. परतीच्या वळणावर सपाट फर्शीवर दगडाचा बारीक चुरा पसरला होता. वळता वळता ब्रेक लागला आणि पुढचं चाक सरकलं. वेग जवळजवळ नव्हता, पॅड आणि हातमोज्यांनी काम केलं, कोपर तेवढं खरचटलं. त्या उठायची घाई करू लागल्या, लोक बघतायत म्हणून. लोक म्हणजे दोन बकऱ्या. मी बसायला लावलं, मनगट फिरवून बघितलं, बोटं मिटवून बघितली, डोकं आपटलं का ते विचारलं. मग सायकल: हँडल तिरकं झालं होतं, पुढचं चाक गुडघ्यांत धरून सरळ केलं, चाक फिरवून डिस्क घासतेय का ते पाहिलं, दोन्ही ब्रेक दाबले. वळणाच्या आधी सरळ असतानाच वेग कमी करायचा आणि वळणात बोट हलकं ठेवायचं, हे तेव्हा सांगितलं. मैदानावर सांगितलं होतंच, पण आता ते ऐकू गेलं.

त्यानंतर त्या अजून एकदा चला म्हणत होत्या. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बाटलीचं झाकण उघडताना बोटं थरथरत होती. ब्रेकचं बोट थकलं की त्या दिवशीची सायकल संपली, मग उत्साह कितीही असो. गजक काढली.

घरी आल्यावर अंगणात टायर फिरवून विलायती बाभळीचे काटे पकडीने उपटले. ते लगेच हवा सोडत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला सापडतो. आईने कोपराला हळद लावताना दोघांनाही सारखंच ऐकवलं. दादाने आता सायकलच्या किमती बघायला घेतल्यात. गिअर किती आहेत हेच तो विचारत बसलाय, आणि वहिनी त्याला फ्रेमची साइज समजावतायत. त्यांच्या शाळेतल्या दोन मॅडमनाही यायचंय. त्यांना वहिनींनी परस्पर कळवलंय, की मेळा बसायच्या आत मैदानावर या, येताना खडू आणा.