जुनं मॉड्यूल घेण्याआधी सुटे भाग मोजा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचं सत्तरीच्या शेवटातलं एखादं मॉड्यूल, म्हणजे छापील तयार साहस, पहिल्यांदा हातात घेतलं की कव्हर अलगद सुटून येतं. पिना तुटल्यात असं वाटून बरेच जण ते बाजूला ठेवतात. ते कव्हर मुळातच सुटं असतं. जाड कार्डाच्या कव्हरच्या आतल्या अंगाला नकाशा, आणि मध्ये पिना मारलेली पातळ पुस्तिका, अशी हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीची रचना होती. खेळ चालवणारा डंजन मास्टर ते कव्हर टेबलावर उभं करायचा. नकाशा त्याच्याकडे, चित्र खेळाडूंकडे, आणि पुस्तिका त्या आडोशामागे. खेळायला ही रचना फार सोयीची आहे. मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कव्हर एकीकडे आणि पुस्तिका दुसरीकडे जाते, ते याच रचनेमुळे. म्हणून घेण्याआधी मी कोपरे किती तीक्ष्ण आहेत ते नंतर बघतो, भाग आधी मोजतो.

मॉड्यूलमध्ये साहस तयारच असतं. जागेचा नकाशा, खोल्यांची वर्णनं, तिथले राक्षस, सापळे, खजिना, सगळं आयतं. छापील साहसाचा पहिला नमुना खेळाच्या नियमांच्या १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत येतो, तो म्हणजे ‘टेंपल ऑफ द फ्रॉग’. स्वतंत्रपणे विकलेलं पहिलं साहस १९७६ चं, वी वॉरियर्स या कंपनीचं ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या टीएसआरने स्वतःची मॉड्यूल बाजारात आणली ती १९७८ मध्ये. खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांची जी-१, जी-२, जी-३ ही राक्षसांची मालिका, मग डी-१ ते डी-३, आणि एस-१ म्हणजे ‘टूम ऑफ हॉरर्स’. या पहिल्या खेपेची कव्हरं एकरंगी आहेत. त्यातली बरीच मॉड्यूल पुढे रंगीत कव्हरांत आली. जी मालिका तर १९८१ मध्ये एकाच पुस्तिकेत ‘अगेन्स्ट द जायंट्स’ नावाने निघाली. फक्त खेळायचं असेल तर ही एकत्रित आवृत्तीच घ्या, तीन सुट्या पुस्तिकांपेक्षा ती स्वस्त पडते.

आता मोजणी. एस-१ मध्ये मजकुराची पुस्तिका १२ पानांची आणि चित्रांची वेगळी पुस्तिका २० पानांची. खेळाडू एखाद्या खोलीत शिरले की डंजन मास्टर त्या खोलीचं चित्र त्यांना दाखवतो. सापळ्याची खूण कधीकधी चित्रातच दडलेली असते, त्यामुळे ही पुस्तिका नसलेलं एस-१ अर्धंच म्हणायचं. १९८० च्या एस-३ मध्येही, म्हणजे ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’मध्ये, चित्रांची स्वतंत्र पुस्तिका आहे आणि तिच्यातली काही चित्रं रंगीत आहेत. विकणारे या पुस्तिकेतली रंगीत पानं फोटोत पुढे करतात आणि मजकुराच्या पुस्तिकेबद्दल बोलतच नाहीत. नुसतं ‘पूर्ण आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. कव्हरची आतली बाजू, प्रत्येक पुस्तिकेचं पहिलं पान, शेवटचं पान आणि मधली पिना दिसणारी जोडपानं, एवढे फोटो मागा. पहिली गळतात ती मधलीच पानं, कारण ती फक्त पिनांच्या दोन टोकांवर लटकलेली असतात.

बी-१, ‘इन सर्च ऑफ द अननोन’, याची गोष्ट आणखी निराळी. माइक कार यांनी ते नवशिक्या डंजन मास्टरांसाठी लिहिलं आणि खोल्यांच्या वर्णनाखाली राक्षस व खजिना यांच्या जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्या. यादीतून निवडा आणि स्वतः भरा, अशी कल्पना. त्यामुळे बी-१ च्या खेळलेल्या प्रतीत पेन्सिलीचं लिखाण असणारच. ते खोडायला जाऊ नका. तो कागद मऊ असतो, खोडरबराने त्याचे तंतू उठतात आणि ती जागा तिरप्या उजेडात कायमची खरखरीत दिसते. शिवाय १९७९-८० मधल्या कुणा मुलाने त्या खोलीत काय ठेवलं होतं, हे वाचण्यात जो आनंद आहे तो कोऱ्या प्रतीत नाही. किमतीत मात्र कोरी प्रत वरचढ राहते, हे धरून चाला.

छपाई कोणती ते ओळखताना कॉपीराइटचं साल फसवं ठरतं. १९७८ चं साल पुढच्या छपायांवरही तसंच राहतं. पहिली खूण बोधचिन्हाची. १९७८ ते १९८० च्या सुमाराच्या मालावर पूर्ण उभा जादूगार, त्यानंतर १९८२ पर्यंत जादूगाराचा नुसता चेहरा, आणि पुढे फक्त ‘टीएसआर’ ही अक्षरं. दुसरी खूण मागच्या कव्हरवरच्या इतर मॉड्यूलांच्या यादीची. यादीत १९८० चं मॉड्यूल दिसत असेल तर ती प्रत १९७८ ची असूच शकत नाही. ही ताडणी कव्हरवर आणि पुस्तिकेवर वेगवेगळी करा. एका छपाईचं छान कव्हर आणि दुसऱ्या छपाईची पुस्तिका एकत्र बसवून विकलेल्या जोड्या भरपूर फिरतात. अशी जोडी घ्यायला हरकत नाही, फक्त पैसे जोडीचे द्यावेत, पहिल्या छपाईचे नव्हे.

नकलांचं आणि नव्या आवृत्त्यांचं बघू. ‘रिटर्न टू द टूम ऑफ हॉरर्स’ या १९९८ च्या संचात मूळ एस-१ ची पुनर्मुद्रित प्रत होती. खेळाच्या १९९९ च्या रौप्यमहोत्सवी संचात ‘रेव्हनलॉफ्ट’सारख्या काही मॉड्यूलांच्या प्रती होत्या. या अधिकृत आहेत, पण संचातून बाहेर काढून जुन्या म्हणून विकल्या जातात. घरी छापलेल्या नकला पकडायला दहापट भिंग पुरे. नकाशे फिकट निळ्या शाईत असतात (त्या काळच्या झेरॉक्स यंत्रांना तो निळा नीट उचलता येत नसे). मूळ नकाशाच्या रेघा एकाच शाईच्या, सलग दिसतात. जिथे फिकट छटा आहे तिथे ठिपक्यांची जाळी असते, पण तीही निळीच. भिंगाखाली गुलाबी किंवा पिवळे ठिपके दिसले तर ती स्कॅन करून छापलेली प्रत. ही कसोटी नकाशावर आणि एकरंगी कव्हरवरच लावायची, कारण रंगीत कव्हर मूळचंच चार शायांच्या ठिपक्यांनी बनलेलं असतं. जांभळ्या दिव्याखाली कागद चमकतो का, यावर मी विसंबत नाही. कागद पांढरा दाखवणारी रसायनं तेव्हाही वापरात होती.

सीलबंद प्रतीचा मोह मला पटत नाही. प्लास्टिक आवळणारं यंत्र कुठल्याही पॅकिंगवाल्याकडे असतं, आणि सील असलं की आतले भाग मोजता येत नाहीत.

सगळ्यांना हवं असणारं मॉड्यूल म्हणजे नारिंगी कव्हरचं बी-३, ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’. जीन वेल्स यांनी लिहिलेली ही आवृत्ती १९८१ मध्ये छापून झाली आणि आतली काही चित्रं कंपनीतल्या वरिष्ठांना खटकल्यामुळे लगेच मागे घेऊन नष्ट केली गेली. टॉम मोल्डव्हे यांनी ते नव्याने लिहिलं आणि हिरव्या कव्हरात आलं. हिरवं सहज मिळतं. नारिंगीच्या थोड्याच प्रती शिल्लक राहिल्या, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. हा मजकूर टीएसआर विकत घेणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने नंतर फुकट उपलब्ध करून दिला होता, त्यामुळे तिथे पैसे जातात ते कागदाचे. पहिली खरेदी म्हणून बी-२, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ घ्या. ते नवशिक्यांच्या संचाबरोबर यायचं, म्हणून अफाट छापलं गेलं. चार प्रती शेजारी ठेवून छपाया ओळखायचा सराव त्यावर स्वस्तात होतो.

जजेस गिल्ड या दुसऱ्या कंपनीची साहसं घेणार असाल, उदाहरणार्थ १९७९ ची ‘डार्क टॉवर’ किंवा ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’, तर कागदाची तयारी ठेवा. ही कंपनी बऱ्याचदा वर्तमानपत्री कागद वापरायची. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि त्याचं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. ती टीएसआरच्या मॉड्यूलांना चिकटवून ठेवू नका.

साठवणीत आपल्याकडची एक अडचण मापाची आहे. अमेरिकन मॉड्यूल २१६ × २७९ मिमी, आणि आपला ए-४ कागद २१० × २९७. दुकानातल्या ए-४ च्या पारदर्शक पिशवीत मॉड्यूल लांबीला सैल आणि रुंदीला घट्ट बसतं. ढकलून घातलं की सुट्या कव्हरची कड दुमडते. आतून किमान २२५ × २९० मिमी पिशवी शोधा, पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची. पीव्हीसी नको, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ झिरपतो आणि शाई पिशवीला चिकटते. मागे आम्लरहित पुठ्ठा घाला आणि मॉड्यूल उभी ठेवा, पण इतकी सैल नको की ती वाकतील.

मुंबई-कोकणात, गोव्यात खरा शत्रू पिनांचा गंज. गंज भोवतीचा कागद खातो आणि मधली पानं सुटतात. रबरी कडेच्या झाकणाचा डबा घ्या. वीस-पंचवीस मॉड्यूलांना शंभर ग्रॅम ओलावा शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. ३५ च्या खाली गेला तर कागद वळतो. डबा जानेवारी-फेब्रुवारीत बंद करा, जुलैत केलात तर कागदातला ओलावा आतच कोंडला जातो. रंग बदललेलं जेल ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाचं. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास कागदातून जात नाही. कसर लागू नये म्हणून डबा बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका.

गंजलेली पिन काढायचीच असेल तर मधलं जोडपान उघडून, पिनेच्या पायांखाली पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवून, बोथट पात्याने एकेक पाय सरळ करा आणि मग बाहेरून उचला. बाहेरून ओढलीत तर भोक फाटतं. नंतर त्याच भोकांतून लिननचा दोरा ओवा. महागड्या प्रतीला हेही करू नका, ती फक्त कोरडी ठेवा. कव्हरवरची जुन्या दुकानाची किमतीची चिठ्ठीही राहू द्या. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने गोंदाआधी शाई निघते.