जुन्या जिप्सीचं व्हायब्रेशन: पाथर्डी फाटा, घोटी, पहिने, त्र्यंबक

गाडी 1.3 लिटर इंजिनाची मारुती जिप्सी, चारही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), टायर 205/70 आर 15, मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) टाकून गाडी थोडी उचललेली. तक्रार अशी की ताशी 55 ते 65 च्या दरम्यान सीट आणि फ्लोअर गुणगुणतात, 75 नंतर ते कमी होतं. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट होऊनही फरक नाही. अशा वेळी गॅरेजमधून क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा), बेअरिंग, माउंटिंग अशी लांबलचक यादी हातात येते. सुटे भाग घेण्याआधी गाडीला एक फेरी मारून आणायची. नाशिकहून घोटी, तिथून पहिनेमार्गे त्र्यंबक आणि सातपूरवरून परत, साधारण 100 किमी. सरळ महामार्ग, चढ-उतार आणि शहरातला संथ वेग, सगळं या एका फेरीत मिळतं.

निघण्याआधी चाकं आतून धुवायची. इगतपुरी-त्र्यंबक भागात भाताच्या दिवसांत गाडी फिरली असेल तर चिखल रिमच्या आत एकाच बाजूला वाळून बसतो आणि बॅलन्स बिघडवतो.

थोडं गणित आधी करून ठेवलं की रस्त्यावर डोकं शांत राहतं. हा टायर एका फेऱ्यात 2.1 मीटर जातो. ताशी 60 म्हणजे मिनिटाला 1000 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास 8 वेळा फिरतं. मागचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) त्याच्या साधारण चौपट, म्हणजे सेकंदाला तिसेक वेळा. क्रॉसचे कोन चुकले असतील तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके बसतात, म्हणजे सेकंदाला साठेक. आठचा हादरा मोजता येतो आणि तो स्टिअरिंगमध्ये किंवा सीटमध्ये जाणवतो. तीसचा पायाखाली थरथरतो. साठचा कानाला घुमल्यासारखा ऐकू येतो. या गाडीत घुमणं होतं आणि स्टिअरिंग शांत होतं, त्यामुळे चाकांवरचा संशय तिथेच संपला.

पाथर्डी फाटा ते वाडीवऱ्हे हा पट्टा पहाटे करावा, नंतर ट्रक एकसारखा वेग धरू देत नाहीत. ताशी 60 पाचव्या गिअरमध्ये, मग तोच वेग चौथ्यात. इंजिनाचे फेरे बदलले, घुमणं तसंच राहिलं. मग रस्ता मोकळा बघून क्लच दाबला आणि इंजिन आयडलवर येऊ दिलं. घुमणं थोडं मंदावलं, पण गेलं नाही. म्हणजे इंजिन, क्लच आणि इंजिनाची माउंटिंग यांचा प्रश्न नाही. दोष गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे.

जिप्सीत पुढची पायरी सोपी आहे, कारण ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी आहे आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट आहे. हाय रेंजलाही (रोजच्या चालवण्याच्या गिअरलाही) ट्रान्सफर केस फेरे उतरवते, म्हणून हा आखूड शाफ्ट मागच्या शाफ्टपेक्षा जोरात फिरतो आणि त्याचा दोष मागच्या शाफ्टवर ढकलला जातो. गाडी सपाटीला उभी करा, चाकांना दगड लावा, ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलला, गिअर चौथा, इंजिन 2500 ते 3000 फेऱ्यांवर. आता आखूड शाफ्ट फिरतो आणि मागचा-पुढचा स्थिर असतो. इथे गाडी घुमली तर आखूड शाफ्टचे क्रॉस आणि ट्रान्सफर केसची तीन रबरं बघा. ही गाडी शांत राहिली. मग उरला मागचा शाफ्ट, डिफरन्शियल (ॲक्सलमधली, दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी), आणि पुढचा शाफ्ट, जर हब (पुढची चाकं ॲक्सलशी जोडणारे) लॉक असतील तर. फ्री-व्हील हब असतील तर ते मोकळे करून दोन किमी चालवा. इथे काहीच फरक पडला नाही.

कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून परीक्षा घेऊ नका. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये (गरजेपुरतं फोर-व्हील, पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही) वळणावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि शाफ्टमध्ये पीळ साठतो. तो ताण आणि नवा हादरा दोष म्हणून मोजला जातो.

घोटीला गाडीखाली गेल्यावर दोन गोष्टी दिसल्या. मागच्या शाफ्टच्या पुढच्या क्रॉसच्या एका कपाभोवती तांबूस भुकटी होती, म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या होत्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शाफ्टच्या दोन टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचे) कान एका रेषेत नव्हते. आधीच्या कामात स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) ओढून काढला गेला आणि बसवताना स्प्लाइन (त्यातली दातांची खाच) दुसऱ्या दातावर बसली. एका क्रॉसने वेगात आणलेला चढउतार दुसऱ्या क्रॉसने मिटवायचा असतो. कान फिरले की तो मिटत नाही. एक दात चुकला तरी घुमणं सुरू होतं.

सुधारणा रस्त्याकडेला होते. फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडला जातो ती चकती) आणि शाफ्टवर पंचाने किंवा रंगाने खूण करा, म्हणजे फ्लँज जिथे होता तिथेच परत बसेल. मगच चार नट सोडा, 12 किंवा 14 चा रिंग पाना लागतो. स्लिप जॉइंट ओढा, ग्रीस पुसा, कान एका रेषेत आणून परत ढकला. शाफ्ट काढण्याआधी हँडब्रेक कुठे आहे ते बघा. काही जुन्या फोर-व्हील गाड्यांत तो ट्रान्सफर केसच्या मागे असतो आणि शाफ्टवरच काम करतो. शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला, म्हणून चाकांना दगड हवेतच.

घोटी-पहिने रस्त्यावर सपाटीला घुमणं जवळपास गेलं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मात्र परत यायचं आणि पाय काढला की थांबायचं. लोडखाली वाढतं आणि मोकळं सोडल्यावर जातं, हे कोन चुकल्याचं लक्षण. लांब शॅकलने पाट्याचं मागचं टोक खाली जातं, ॲक्सल फिरतो आणि पिनियनचं (डिफरन्शियलमध्ये शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) नाक वर होतं. चढावर पाटे पीळ खातात तेव्हा ते आणखी वर जातं.

त्र्यंबकच्या अलीकडे सपाट जागी चुंबकाचा अँगल गेज लावला, एकदा ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर आणि एकदा डिफरन्शियलच्या फ्लँजवर. गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर घेतलेलं माप निरुपयोगी. दोन्ही फ्लँज समांतर हवेत, पाट्यांच्या गाडीत पिनियन 1 ते 2 अंश खाली असलेला उत्तम. इथे तो 4 अंश वर निघाला.

उपाय म्हणजे ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये स्टीलची पाचर. ॲल्युमिनियमची घेऊ नका, ती चेपते. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं बसकणीत पूर्ण शिरलं पाहिजे, पाचरेमुळे तो आखूड पडला तर लांब बोल्ट घ्या. यू-बोल्ट (पाटा आणि ॲक्सल एकत्र आवळणारे) नवेच टाका. क्रॉस बदलताना निपलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) घ्या आणि चारही कपांच्या सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. तीनच कपांतून आलं तर चौथा कोरडाच आहे, आणि पुढे तोच आधी जातो. हे सगळं करूनही सेकंदाला तीसची थरथर उरली तर शाफ्ट वाकडा आहे किंवा त्यावरचं बॅलन्सचं वजन निसटलं आहे. तो लेथवर तपासून बॅलन्स करून घ्यावा.

पाचर बसल्यावर 200 ते 300 किमीनंतर यू-बोल्ट आणि फ्लँजचे नट पुन्हा टॉर्कला कसा. पाटे आणि पाचर बसून घट्ट होतात, तेवढीच ढील यू-बोल्टला मिळते.