मोर्टारियम म्हणजे खल की परात?

मी इंग्लंडमध्ये आर्किऑलॉजीत काम करते. कुठे घरं किंवा रस्ता होणार असेल तर आधी आम्ही जाऊन खोदतो. त्या दिवशी धो धो पाऊस, साइट बंद, सगळे फाइंड्स रूममध्ये टूथब्रश घेऊन खापरं धुवत बसलेलो. साइट सेंट ऑल्बन्सच्या बाजूची, रोमन काळातलं वेरुलामियम. चिखल निघता निघता एक जाडजूड पिवळसर कड वर आली, ओतायला चोच आणि चोचीशेजारी शिक्का, अर्धा तुटलेला, 'मातु' एवढंच वाचता येतंय. म्हणजे मातुगेनुस! ब्रॉकली हिलचा कुंभार, इ.स. 100 च्या आसपासचा, नाव अस्सल केल्टिक आणि शिक्का लॅटिन अक्षरात. मला तर हात पुसायचंही सुचेना.

अशा चोचीच्या, जाड कडेच्या रोमन मातीच्या भांड्याला आम्ही 'मोर्टारियम' म्हणतो, फॉर्मवर तेच लिहिलं, तर आमच्या सीनियर बाई म्हणाल्या, "हे नाव आपण ठेवलेलं आहे हं, वापरणारे असंच म्हणत होते असं धरू नकोस." ब्रिटनमध्येच अशा एका भांड्यावर रोमन सैनिकांच्या तुकडीने ओरखडून मालकी लिहिलीय, आणि तिथे शब्द आहे पेल्विस! हो, तोच, डॉक्टर कंबरेच्या हाडाला म्हणतात तो, लॅटिनमध्ये साधा अर्थ पसरट भांडं.

मग रोमन लोक मोर्टारियम कशाला म्हणायचे? मी जेवणाच्या सुट्टीत तेच वाचत बसले. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक केटो शेतीच्या पुस्तकात भाकरी सांगतो ना, त्यात हात आणि मोर्टारियम स्वच्छ धुवा, पीठ घाला, थोडंथोडं पाणी घालत मळा, असं आहे, म्हणजे चक्क आपली परात! आणि रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो की ग्रीक गिलावेवाले मोर्टारियममध्ये चुना आणि वाळू टाकायचे आणि दहा माणसं लाकडी दांड्यांनी ते कुटायची. पुढे भांड्याचं नाव आतल्या मालालाच चिकटलं, बांधकामाच्या साइटवर आपण ज्याला मॉर्टर म्हणतो ते इथूनच आलंय. मला हे फार आवडतं, कारण डिक्शनरीत नुसतं 'खल' वाचलं की ही सगळी माणसं गायबच होतात.

पण आमच्या तुकड्याचं काय? तो खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरला. नवीन असताना आतून बारीक खडे रुतवलेले असतात, घासायला. इथे कडेजवळचे खडे अजून हाताला टोचत होते आणि खाली, तळाकडे, साफ गुळगुळीत, बोट सरकत जाईल इतके. एवढं झिजायला कुणीतरी वर्षानुवर्षं त्यात काहीतरी वाटलेलं असणार, नुसतं पीठ मळून असं होत नाही. अशा भांड्यांच्या मातीत मुरलेली जनावरांची चरबी आणि पालेभाज्यांचं मेण लॅबमध्ये सापडलेलं आहे, म्हणून त्याच भांड्याचा तळाचा दुसरा तुकडा मी धुवू दिला नाही, फॉइलमध्ये गुंडाळून सॅम्पलसाठी बाजूला ठेवला.

फॉर्मवर मोर्टारियम तसंच ठेवलं, कॅटलॉगला तेच नाव लागतं. खाली रिमार्कमध्ये मात्र झीज कुठे, किती, कुठल्या दिशेने ते सगळं लिहिलं, बाईंनी वाचून सही केली.