आलेखातला रात्री दहाचा बाक

वणी तालुक्यात एका प्रस्तावित खुल्या कोळसा खाणीच्या जागेवर आम्ही फेब्रुवारीत २४ तासांची पंपिंग टेस्ट घेतली, म्हणजे एका बोअरमधून सलग पाणी उपसायचं आणि शेजारच्या बोअरमध्ये पातळी किती उतरते ते बघायचं. अहवाल केव्हाच गेला. त्यातला एक आलेख मात्र मी अजून काढून बघतो.

जागा वर्धा खोऱ्यातली, थर नेहमीचे. वर काळी माती, खाली पिवळी चिकणमाती, मग कामठी वाळूखडक, त्याखाली बाराकार खडक आणि बाराकारात कोळसा. कोळशाची माणसं कामठीला ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात, म्हणजे हटवायचा माल. गावाचं पाणी त्याच मालात आहे. इथे तो ६० मीटर जाड लागला, आणि इतका भुसभुशीत की कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेला खडकाचा नमुना, पेटीत यायच्या आधीच वाळू होऊन पाण्यासोबत वाहून जातो. ड्रिलर ‘कोअर गेला’ म्हणून मोकळा होतो.

सकाळी ११ ला पंप सुरू केला. उपसलेलं पाणी ज्या व्ही आकाराच्या खाचेतून सोडून मोजतात, त्या ९० अंशांच्या व्ही-नॉचवर पाण्याची उंची १० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर. ही उंची खाचेच्या तोंडाशी मोजायची नसते, कारण तिथे पाणी आधीच खाली झुकलेलं असतं. उंचीच्या चौपट तरी मागे सरकून मोजायची. दर टेस्टला हे नव्याने सांगावं लागतं. दीडशे मीटरवरच्या निरीक्षण बोअरमध्ये पातळी आधी मिनिटामिनिटाला, मग अर्ध्या तासाला घेतली. वेळ लॉग स्केलवर मांडली तर ठिपके सरळ रेषेत आले. वेळ दसपट झाली की घट १.२ मीटर, त्यावरून ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे अख्ख्या थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता, दिवसाला ५७ चौरस मीटरच्या आसपास. ६६० व्या मिनिटाला रेघ वाकली आणि तिचा उतार दुप्पट झाला.

उतार दुप्पट झाला की पुस्तकाप्रमाणे पाण्याला कुठेतरी भिंत आडवी आली. या कोळसापट्ट्यात फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागा, जागोजागी, म्हणून कोणी शंकाही घेतली नाही. अहवालात ‘फॉल्ट’ झाला, नकाशावर तुटक रेघ आली आणि खाणीच्या उपशाचा परिणाम त्या रेघेवर संपला. रेघेपलीकडची गावं सुटली!

माझं डोकं दोन गोष्टींवर अडलं. रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बोअरमध्ये कोळशाच्या तळाच्या खोलीत फरक ११ मीटर, आणि दोन बोअरमधलं अंतर ४०० मीटर. एवढ्याला फॉल्ट कशाला, थराचा नैसर्गिक उतारच पुरतो. बरं, फॉल्ट धरला तरी ६० मीटरचा वाळूखडक ११ मीटर सरकल्याने तुटत नाही, वाळूसमोर वाळूच येते. फॉल्टच्या फटीत चिकणमाती भरली असेल तर गोष्ट वेगळी, पण तशी ती कोणत्याच कोअरमध्ये दिसली नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. ११ पासून ६६० मिनिटं म्हणजे रात्रीचे १०. तुटक रेघेच्या पलीकडे एका वावराच्या धुऱ्यावर, तुराट्यांच्या ढिगाआड बोअर निघाला. आमच्या विहिरींच्या यादीत तो नव्हता. यादी करणाऱ्यांनी बांधलेल्या विहिरी तेवढ्या मोजल्या होत्या. गव्हाला ओलीत चालू होतं. रात्री मोटर कोण चालू करतं, म्हणून वावरातल्या शेतकरी काकांना विचारलं.

“मोटर तं ऑटोवर असते साहेब. लाईन आली का आपोआप चालू होते. वाघ हाय इकडं, राती कायले येऊ मी?”

त्या आठवड्यात थ्री फेज रात्री १० ते सकाळी ८ होती. मोटर पाच एचपीची. भिंतीचं गणित मांडताना भिंतीपलीकडे तेवढाच उपसा करणारी एक काल्पनिक विहीर धरतात. इथे ती खरीच होती, स्टार्टर आणि ऑटोसकट!

असं असेल तर सकाळी ८ नंतर पातळी थोडी वर यायला हवी. आली होती. ९, १० आणि ११ च्या नोंदी १४ सेंटिमीटरने वर आहेत. आमच्याकडच्या अहवाल लिहिणाऱ्याने ‘पंपाचा डिस्चार्ज कमी झाला’ म्हणून त्या गाळल्या. पण व्ही-नॉचच्या वहीत शेवटपर्यंत १० सेंटिमीटरच लिहिलंय, मग डिस्चार्ज कमी झाला कुठे?

पण आमच्या वह्यांवर मी तरी किती भर देऊ? पातळीच्या पहाटे अडीच ते साडेसहाच्या नोंदी एकाच दमात, एकाच पेनाने लिहिल्यात, दर अर्ध्या तासाला बरोबर दोन सेंटिमीटर घट. खडक इतका शिस्तीत वागत नाही. नोंदी घेणारा पोरगा झोपला होता. त्याला तरी काय बोलायचं, २४ तासांच्या टेस्टला एकच माणूस देणं ही आमची काटकसर. पंप बंद केल्यावरच्या रिकव्हरीतून, म्हणजे पातळी परत कशी चढते त्यावरून, निकाल लागला असता, पण भिंत आपला परिणाम दाखवायला तितकाच वेळ घेणार, म्हणजे पुन्हा रात्रीचे १०, पुन्हा लाईन. आम्ही तर सहा तासांतच गुंडाळलं होतं.

मे महिन्यात, ओलीत नसताना, बोअरमध्ये पातळी आपोआप नोंदवणारा लॉगर टाकून ७२ तासांची टेस्ट पुन्हा घ्या, असं मी लिहून दिलं. रिग दुसऱ्या साईटवर गेली होती. शेवटी परिशिष्टात एक ओळ मिळाली: रात्रीच्या नोंदींवर शेजारच्या उपशाचा परिणाम नाकारता येत नाही. नकाशावरची तुटक रेघ मात्र जिथल्या तिथे आहे.