प्रशिक्षण संपल्यानंतर मोजायचे काय?

शिक्षक प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी अभिप्राय अर्ज भरून घेण्याची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. सुलभकाची, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याची, मांडणी स्पष्ट होती का, साहित्य उपयुक्त वाटले का, बैठक व्यवस्था आणि भोजन कसे होते, असे प्रश्न त्यात असतात आणि बहुतेक उत्तरे ‘उत्तम’ किंवा ‘अतिउत्तम’ अशी येतात. त्यांची टक्केवारी अहवालात जाते, सोबत उपस्थिती पत्रक आणि छायाचित्रे जोडली जातात आणि प्रशिक्षण यशस्वी झाले असे धरले जाते. पुणे शहरात आणि जिल्ह्यात हे काम जवळून पाहताना माझे मत पक्के होत गेले आहे की या अर्जावरून प्रशिक्षणाचा दर्जा ठरवता येत नाही. त्याचे मूल्यमापन दोन-तीन महिन्यांनी, वर्गात आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जाऊनच करावे लागते, आणि ते कसे करायचे हे प्रशिक्षणाची आखणी करतानाच ठरवावे लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून, आणि मुख्याध्यापकाकडूनही, वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. ही तरतूद मला मोलाची वाटते. मात्र तास मोजणे सोपे असल्यामुळे तासांनाच फलित समजले जाण्याचा धोका त्यात आहे. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शिक्षक प्रशिक्षणाविषयीचे १,३०० हून अधिक अभ्यास तपासले गेले आणि त्यांपैकी परिणामाबद्दल खात्रीने बोलता येईल इतके काटेकोर केवळ ९ निघाले. मुलांच्या संपादणुकीत चांगली वाढ दाखवणाऱ्या त्या अभ्यासांत प्रशिक्षण सरासरी ४९ तासांचे होते. पण पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तेथीलच दुसरीच्या वाचनाविषयीचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातील शिक्षकांना आठ दिवसांचे, विषयाच्या आशयावर भर देणारे प्रशिक्षण मिळाले, त्यांचे ज्ञान वाढले, शिकवण्यातही थोडा फरक पडला. मुलांचे वाचनाचे गुण मात्र वाढले नाहीत.

प्रशिक्षणापासून मुलांच्या शिकण्यापर्यंतच्या या साखळीत नेमकी कोणती कडी सुटते, हे शोधण्यासाठी थॉमस गस्की या अमेरिकी अभ्यासकाने २००० मध्ये मांडलेले पाच स्तर मला आजही सर्वांत उपयोगी वाटतात: सहभागींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, संस्थेचा पाठिंबा, नव्या ज्ञानाचा प्रत्यक्ष वापर आणि विद्यार्थ्यांचे शिकणे. आखणी करताना हा क्रम उलटा घ्यावा, म्हणजे मुलांना काय यायला हवे येथून सुरुवात करावी, असा त्यांचा आग्रह आहे. आपले अभिप्राय अर्ज पहिल्या स्तरावर थांबतात, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतली तर दुसऱ्यापर्यंत पोहोचतात, आणि तिसऱ्या स्तराचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही.

दुसऱ्या स्तराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चाचणी घेतली म्हणजे शिकणे मोजले गेले असे होत नाही. अपूर्णांकांच्या प्रशिक्षणाचे उदाहरण घेऊ. उत्तरचाचणीत ‘सममूल्य अपूर्णांक म्हणजे काय?’ असे विचारले तर बहुतेक शिक्षकांना पूर्ण गुण मिळतील, आणि ते प्रशिक्षणाआधीही मिळाले असते. त्याऐवजी असे विचारावे: पाचवीतील एक मुलगी १/३ पेक्षा १/४ मोठा आहे असे सांगते, तिने कसा विचार केला असेल, आणि तुम्ही तिला पुढचा प्रश्न कोणता विचाराल? ‘चार हा तीनपेक्षा मोठा म्हणून ती चुकली’ येथे थांबणारे उत्तर आणि ‘सारखीच भाकरी तिघांत वाटली आणि चौघांत वाटली तर कोणाच्या वाट्याला जास्त येईल, असे मी तिला विचारेन’ हे उत्तर यांतील अंतर म्हणजे त्या प्रशिक्षणाचे खरे मोजमाप होय. दोन महिन्यांनी त्याच शिक्षकांच्या वर्गातील गणिताच्या वह्या पाहाव्यात. मुलांनी स्वतः काढलेल्या आकृत्या, संख्यारेषा आणि खोडून पुन्हा मांडलेली उत्तरे तेथे सापडतात की फळ्यावरून उतरवलेली एकसारखी उदाहरणे, हे पाहायला फारसा खर्च येत नाही.

तिसरा स्तर शाळेचा आहे. वेल्हे किंवा भोर भागातील द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला सगळे वर्ग सांभाळावे लागतात. परत आल्यावर मुलांना त्यांना किती येते त्या पातळीनुसार गटांत बसवायला वेळापत्रकात जागा नसते, आणि निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामे मध्येच येतात. अशा वेळी नवी पद्धत रुजली नाही तर दोष शिक्षकाच्या निष्ठेवर टाकला जातो, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. हरियाणात २०१२-१३ मध्ये अशा पातळीनिहाय वाचनाच्या ज्या उपक्रमाने मुलांचे हिंदी वाचन सुधारले, त्यात शिक्षकांना प्रशिक्षण तर दिलेच होते, पण शाळेच्या दिवसात त्यासाठी वेगळा तासही राखून ठेवला होता, आणि शाळांना भेटी देणाऱ्या पर्यवेक्षकांनी आधी स्वतः वर्ग घेऊन ती पद्धत वापरून पाहिली होती.

मुख्याध्यापकांच्या बाबतीत तर पुरावा आणखी अस्वस्थ करणारा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी मध्य प्रदेशात शाळांचे व्यवस्थापन सुधारण्याच्या कार्यक्रमाचा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडून, अभ्यास केला आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तो कार्यक्रम १,७७४ शाळांत राबवला गेला. जवळजवळ सर्व शाळांची तपासणी झाली, श्रेणी दिल्या गेल्या, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडाही तयार झाला, आणि तरीही शाळेच्या कामकाजावर किंवा मुलांच्या शिकण्यावर काहीही परिणाम आढळला नाही. कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि देशभर सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेला गेला. आराखडा लिहून पूर्ण होणे आणि तो अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अहवालात बहुधा पहिलीच दिसते.

म्हणून नेतृत्व प्रशिक्षणानंतर मुख्याध्यापकांना आराखडा मागण्याऐवजी मी तीन गोष्टी विचारेन: गेल्या महिन्यात आपण कोणाचा तास पूर्ण वेळ बसून पाहिला, त्यानंतर त्या शिक्षकाशी काय बोलणे झाले, आणि त्यामुळे वेळापत्रकात किंवा साहित्यात काय बदलले. हीच चौकशी त्या शिक्षकाकडेही स्वतंत्रपणे करावी, म्हणजे उत्तरे ताडून पाहता येतात. ही माहिती सेवापुस्तकाशी किंवा वेतनश्रेणीशी जोडली जाऊ नये, असे मी आवर्जून सांगेन, कारण तसे झाले की उत्तरे पुन्हा ‘अतिउत्तम’ होतील.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होतच असते. तिच्यात अर्धा तास मागील प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, प्रत्येक शाळेने चार-पाच वह्या आणाव्यात, आणि केंद्रप्रमुखांनी त्यांतील नोंदी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे पाठवाव्यात, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाचा आराखडा त्या वह्या समोर ठेवून करता येईल.