इसार देण्याआधी

कर्वेनगरमधला तो फ्लॅट मला पहिल्या भेटीतच आवडला. दोन बेडरूम, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर शेवगा, आणि मुख्य म्हणजे तळमजला. आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही आणि इमारत 1991 ची, लिफ्ट नाही. विकणारे काका-काकू मुलाकडे बंगळूरला कायमचे निघाले होते. दर जमला. एजंट म्हणाला, "उद्याच इसार देऊन टाका, दुसरी पार्टी तयारच आहे."

रात्री वही काढून खर्च मांडायला बसले. घर माझ्या एकटीच्या नावावर होणार, त्यामुळे महिलांची सवलत धरून मुद्रांक शुल्क 6 टक्के, नोंदणीचे 30 हजार, वकील, एजंट, सामान हलवणं, रंग. पानभर आकडे झाले, पण घर तपासून घेण्यासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता. बँकेचा माणूस घर बघायला येणार होता, पण तो कर्ज किती द्यायचं ते ठरवायला. वकील कागद बघतात. भिंतीत आणि स्लॅबमध्ये काय चाललंय ते यातलं कोणीच बघत नाही.

एजंटला सांगितलं, आठ दिवस द्या, मी सिव्हिल इंजिनिअर आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला आणणार आहे. त्याला ते आवडलं नाही. "रिसेलमध्ये असं कोणी करत नाही, मालकांना वाईट वाटेल." म्हणून मी स्वतःच काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "या की. मलाही कळेल."

इंजिनिअर रविवारी सकाळी आले. आल्या आल्या पलंग, कपाटं भिंतीपासून थोडी पुढे ओढायला लावली. मागे नुकताच रंग दिला असेल किंवा पोपडे धरले असतील, तर तिथे थांबायचं. मोठ्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल निघाली, पण ती खिडकीवरच्या छज्ज्याच्या चिरेतून येत होती. त्याचं काम किरकोळ. बाथरूमच्या छताचं तसं नव्हतं. तिथे काँक्रीटच्या खपल्या सुटून सळई उघडी पडली होती. वरच्या मजल्याच्या बाथरूमचा खोलगट स्लॅब विटांच्या तुकड्यांनी भरलेला, त्यात वर्षानुवर्षं पाणी मुरतंय. आमच्या बाजूने कितीही प्लास्टर केलं तरी उपयोग नाही, वरची फरशी काढून वॉटरप्रूफिंग करावं लागेल. म्हणजे घर घेण्याआधी वरच्या बिऱ्हाडाशीही बोलायला हवं. मी वर गेले. ते तयार झाले, आणि काम झाल्यावर 48 तास पाणी तुंबवून बघायचं हेही त्यांनी मान्य केलं.

निघताना इंजिनिअरांनी विचारलं, "सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट बघितलंत?" म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. मला हे माहीतच नव्हतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी ऑडिट करायचं असतं. सेक्रेटरींनी कपाटातून अहवाल काढून दिला, दोन वर्षांपूर्वीचा. पार्किंगमधल्या चार कॉलमना दुरुस्ती सुचवलेली. इंजिनिअरांनी मला तो ओळीने समजावला. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरत जातो, त्याचा अल्कलीपणा कमी होतो आणि सळईचं संरक्षण जातं. मग ओल लागली की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन मारल्यावर अल्कलीपणा टिकलेलं चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. इथे सळईपर्यंत रंग आलाच नव्हता. इमारत धोक्यात नाही, पण हे काम आणखी पुढे ढकलू नये, असं त्यांचं मत पडलं. प्रत्येक फ्लॅटला साधारण दीड लाख वर्गणी येणार होती. काकांनी हे लपवलं नव्हतं. सभेत विषय निघून मागे पडला आणि ते विसरून गेले.

पेस्ट कंट्रोलवाले मंगळवारी आले. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराच्या चौकटी ठोकायला सुरुवात केली. आतल्या बेडरूमच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग पोकळ वाजला. मग माळ्यावर चढून टॉर्च मारला, तर वायरिंगच्या पाइपाशेजारून मातीची बोटभर रुंद नळी वर गेलेली. या वाळवीचं घर जमिनीत असतं आणि तिला ओल आणि अंधार लागतो, म्हणून ती अशा नळीतून ये-जा करते. नळी जुनी आहे की चालू, हे बघायला त्यांनी दोन बोटं तुकडा मोडला, दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण केली आणि म्हणाले, "चार दिवसांनी बघू." शनिवारी तुकडा पुन्हा बांधलेला होता. माती अजून ओली होती.

हे काकांना सांगणं मला सगळ्यात जड गेलं. तीस वर्षं राहिलेल्या माणसाला तुमची चौकट आतून खाल्लेली आहे असं कसं सांगायचं? त्यांनी ऐकून घेतलं, हात लावून बघितला, काही बोलले नाहीत. मला वाटलं, बोलणी मोडली. रात्री नऊला त्यांचा फोन आला. "ताई, मी सगळं घर ठोकून बघितलं. देवघराच्या फळीमागे पण आहे. तेही लिहून घ्या."

त्यानंतर भावावर फारशी ओढाताण झालीच नाही. किमतीतून दोन लाख कमी झाले. वाळवीची ट्रीटमेंट ताबा देण्याआधी काकांच्या खर्चाने होईल, आणि त्या अहवालातल्या दुरुस्तीची वर्गणी निघाली तर ती त्यांच्याकडे, हे वकिलांनी करारनाम्यात घातलं. इसाराचा चेक मी त्यानंतर दिला.

ट्रीटमेंट होताना मी दिवसभर तिथे होते. भिंत आणि फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात लिटरभर इमिडाक्लोप्रिड या वाळवीच्या औषधाचं पाणी, मग पांढऱ्या सिमेंटने बुजवणं. मी भोकं मोजली, बाटलीचं सील आणि तारीख बघितली, वॉरंटी लेखी घेतली. नुसती दिसणारी वाळवी फवारून मारली तर जमिनीतलं वारूळ तसंच राहतं, म्हणून हे जमिनीपर्यंत पोचणं गरजेचं होतं. खाल्लेली चौकट काढून दगडी बसवली.

यंदा जूनमध्ये पहिल्या पावसानंतर संध्याकाळी शेवग्याखालून वाळवीचे पंखांचे किडे निघाले आणि खिडकीच्या दिव्याकडे आले. दिवे बंद केले, खिडकी लावली आणि टॉर्च घेऊन माळ्यावर चढले. पेन्सिलच्या दोन खुणा तशाच आहेत, मध्ये फक्त भिंत.