सीट मऊ, पिशवी ताठ

दुकानदाराने चामडं उलगडलं की गिऱ्हाईक आधी वास घेतं, मग रंग बघतं आणि लगेच भाव विचारतं. उलटून फारसं कुणी बघत नाही. पण बुलेटच्या सीटचे फाटके तुकडे बदलायचे असोत की सॅडलबॅगांची, म्हणजे सीटमागे दोन्ही बाजूंना टांगायच्या पिशव्यांची झाकणं, खरी गोष्ट उलट्या बाजूला आणि कापलेल्या कडेला कळते. कड निळसर-करडी असली तर बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. आतपर्यंत तांबूस-तपकिरी असली तर झाडाच्या सालीने.

सीटला क्रोमचंच घ्यावं, असं माझं ठाम मत. १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचं, फोमच्या वळणावर ताणून बसणारं. त्याहून जाड नेलं की कोपऱ्यावर चुण्या पडतात आणि सीटवाला आपल्याकडे दयेने बघतो. हेच मऊ चामडं पिशवीला लावलं तर ती पहिल्याच घाटात मान टाकते. तिथे तीन-साडेतीन मिलिमीटरचं, बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरलेलं, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्या जातीचं ताठ चामडं पाहिजे. मात्र रिबिटं आणि बकलं पितळीच लावावीत. ओल्या हिरड्याला लोखंड लागलं की काळे डाग पडलेच; हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, घालून पूर्वी शाईच करत. आणि सायलेन्सरच्या बाजूची पिशवी जरा लांब टांगलेली बरी. धगीने चामडं आक्रसतं, मग त्याला कितीही तेल पाजा.

शिवणीचा घोळ वेगळाच. जुना तुकडा उसवून त्यावर नवा बेतायचा, हे खरं; पण जुना वर्षानुवर्षं बसून बसून सैलावलेला असतो, म्हणून नवा किंचित लहान कापायचा. शेजारचा शाबूत तुकडा तसाच ठेवायचा असेल तर टाके जुन्याच भोकांतून गेले पाहिजेत. मशीनने शेजारी नवी रांग पाडली की ती कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटायला तयार. म्हणजे हाताने, सुईने, एकेक भोक शोधत बसायचं. नायलॉनचा दोरा घेऊन. एवढा धीर असलेला कारागीर मिळाला तर चहा पाजावा आणि घाई करू नये.

रंग जुळवायच्या नादाला लागू नये. सालीने कमावलेलं चामडं उन्हात आणि हातांच्या तेलाने गडद होत जातं, रंगाचा जाड थर दिलेलं सीटचं क्रोम तसंच राहतं. आज जुळवलं तरी दिवाळीपर्यंत बिनसणार. त्यापेक्षा सीट काळी आणि पिशव्या तपकिरी, असं उघड वेगळंच ठेवावं. लोकांना वाटतं, मुद्दाम केलंय.

आता अडचण अशी, की चामडं चौरस फुटावर विकतात, पण दोन तुकड्यांपुरतं कापून द्यायला दुकानदार सहसा राजी नसतो. अर्धी म्हैस घरी येते. पाठीकडचं घट्ट चामडं झाकणांना आणि पट्ट्यांना जातं, पोटाकडचं सैल उरतं. आमच्या घरातल्या प्रत्येक किल्लीला चामड्याची पट्टी झाली, डायरीला कव्हर झालं. परवा बायको म्हणाली, "उरलंय त्यातून एक पाकीट करून घ्या."

म्हटलं, "पोटाकडचं आहे, भरलं की ताणेल."

"तुमच्यासाठीच म्हणतेय," ती म्हणाली. "भरायचा प्रश्न कुठे येतो?"